हरमलची मिरची आणि बांधलेलं गिऱ्हाईक

एप्रिल लागला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला वेगळाच रंग चढतो. एरवी भाजी, मासळी आणि चोरीस यांनी भरलेल्या वाटा सुक्या मासळीच्या वासाने, आमसुलांच्या ढिगांनी आणि कांद्याच्या माळांनी अडून जातात. गोव्यात या खरेदीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, पण रीत आपलीच. आपण सिंधुदुर्गात ‘पावसाची बेगमी’ म्हणतो तीच. पावसाचे चार महिने चूल अडू नये म्हणून चिंच, सोलं, खडे मीठ, सुके बांगडे, सुंगटं आणि वर्षाच्या मसाल्याची मिरची आधीच घरात आणून ठेवायची. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग इथल्या कितीतरी बायका आजही या दिवसांत मुद्दाम एक शुक्रवार म्हापशासाठी राखून ठेवतात. मीही त्यातलीच एक.

या बाजारात मला सगळ्यात कुतूहलाची वाटते ती मिरची विकणारी बाई. दोनशे पावलांत वीस ठिकाणी मिरचीचे ढीग असतात. सगळ्या लालच. कुठल्याही ढिगाकडे बोट दाखवून ‘खंयची गो ही मिरसांग?’ असं विचारा, उत्तर ठरलेलं असतं. ‘हरमलची, बाय!’ आता हरमल हे पेडणे तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. तिथली आणि आसपासच्या गावांतली मळ्यांची जमीन एकत्र केली तरी म्हापशात एका हंगामात ‘हरमलची’ म्हणून खपणारी मिरची तिथे पिकेल का, याचा हिशेब कुणीही घरबसल्या करावा. बाकीची कुठून येते हे बाजारातल्या सगळ्यांना माहीत असतं. बेळगाव, धारवाडकडून ट्रक येतात. ती मिरची वाईट असते असं मुळीच नाही. ब्याडगीचा रंग आणि संकेश्वरीचा झणका यांच्यावाचून आपला मालवणी मसाला होतच नाही. पण ती हरमलची नव्हे. ब्याडगीला स्वतःचं नाव आहे, २०११ पासून स्वतःचं भौगोलिक मानांकनही आहे. तिला दुसऱ्याच्या नावाने मिरवायची गरज काय?

छोट्या धंद्याचं खरं दुखणं इथे आहे. माल चांगला आहे, कष्ट प्रामाणिक आहेत, पण शेजारच्या ढिगापेक्षा आपला ढीग वेगळा आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं कसं? आणि सांगितलं तरी त्याने विश्वास का ठेवावा?

गेली काही वर्षं मी ज्या काकींकडून मिरची घेते त्या हरमलजवळच्याच एका वाडीतल्या. घरामागे मळा, थोडं भात, मग मिरची, वांगी, लाल भाजी. मिरची अंगणात शेणाने सारवलेल्या खळ्यावर वाळवायची, संध्याकाळी दंव पडायच्या आत गोळा करायची, सकाळी पुन्हा पसरायची. देठ काढून नव्हे, देठासकट. देठ काढला की वास उडतो, असं त्या सांगतात. त्यांच्या मिरचीचा भाव शेजारच्या ढिगापेक्षा नेहमीच बराच वर असतो. आणि दरवर्षी माझ्या डोळ्यांदेखत चार बायका भाव विचारून, ‘थंय स्वस्त मेळटा’ म्हणून पुढे जातात. दोन वर्षांपूर्वी काकींच्या सुनेने स्पष्टच सांगितलं की सासूबाई थकल्या, भाव मिळत नाही, पुढल्या वर्षी मिरची लावायची की नाही ते ठरायचंय. मुलगा किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात कामाला. मळ्याच्या जागेवर दोन खोल्या बांधून भाड्याने दिल्या तर वर्षाचे पैसे बसल्या जागी येतात. हरमलात हे गणित प्रत्येक घरासमोर उभं आहे.

म्हणजे प्रश्न एका बाईच्या चार पैशांचा नव्हता. मळा गेला की बी गेलं. आणि हे बी काही दुकानात पाकिटात मिळत नाही. दरवर्षी चांगल्या झाडाच्या फळातून राखून, राखेत घोळवून, मडक्यात ठेवून ते पुढे चालत आलेलं.

आता कुणी म्हणेल, हरमलच्या मिरचीला तर सरकारी शिक्का मिळाला आहे. मिळाला आहे हे खरं. २०२१ मध्ये हरमल मिरची, मयड्याची मोठी केळी आणि गोव्याचं खाजं या तिघांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी २०२० मध्ये काणकोणच्या खोला मिरचीला आणि सगळ्यात आधी, २००९ मध्ये, काजूच्या फेणीला. पुढे २०२३ मध्ये मानकुराद आंबा आणि बेबिंका हेही त्या यादीत गेले. स्थानिक उत्पादकांच्या संस्था पुढे आल्या आणि राज्याच्या विज्ञान तंत्रज्ञान खात्याने त्यांचे अर्ज मार्गी लावायला मदत केली, म्हणून हे झालं. आपल्या देशात या कायद्याखाली पहिलं नाव नोंदलं गेलं ते दार्जिलिंगच्या चहाचं, २००४ मध्ये. कायदा १९९९ चा, अमलात आला २००३ मध्ये. नोंदणी दहा वर्षांची असते, मग नूतनीकरण करायचं. खोट्या मालावर हे नाव लावलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी कायद्यात तरतूद आहे.

ऐकायला भारदस्त वाटतं. पण शुक्रवारच्या गर्दीत टोपलीमागे बसलेल्या बाईविरुद्ध कोण कोर्टात जाणार? आणि जावं तरी का? तीही पोटासाठीच बसलेली.

शिवाय या मानांकनातली एक मेख फार थोड्यांना माहीत असते. संस्थेच्या नावाने मानांकन मिळालं म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला ते चिन्ह आपोआप वापरता येत नाही. त्याने स्वतः ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते. पूर्वी त्या अर्जाचं शुल्क पाचशे रुपये होतं, २०२० मध्ये नियम बदलून ते दहा रुपये केलं गेलं. दहा रुपयांत काकींचं नाव चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात चढू शकतं! पण हे त्यांना माहीत नव्हतं, सुनेला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारायला त्या जिथे गेल्या तिथल्या माणसालाही माहीत नव्हतं. सन्मानाची बातमी पेपरात छापून येते. फॉर्म कुठे मिळतो ते मात्र छापून येत नाही.

शिक्का हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं काम म्हणजे माणसामाणसांतली ओळख. ती गोव्यात कशी जपली जाते हे पाहायचं असेल तर पहाटे उठून पोदेराची वाट बघावी. सायकलवर बांबूची टोपली, वर प्लास्टिकचं कापड, आणि हँडलला रबरी भोंपू. ‘पों पों’ झालं की वाड्यावरची दारं उघडतात. कुणाला पोळी, कुणाला उंडे, कुणाला कडक कांकणां. आजोबांचे दात गेलेत हे पोदेराला माहीत असतं, म्हणून त्यांच्यासाठी मऊ पाव तो बाजूला काढून ठेवतो. महिन्याचा हिशेब तोंडी. त्याने कधी जाहिरात केली नाही, नावाची पाटी लावली नाही. त्याचा आवाज हीच पाटी आणि वेळ हाच शब्द. एक दिवस तो आला नाही तर ‘किदें जालें गाय ताका?’ म्हणून गाव विचारतो. धंद्यातल्या माणसाबद्दल गावाने असं विचारावं, याहून मोठी पुंजी कुठली?

उलट उदाहरण डिचोलीचं. खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोली, साखळी, मये या भागात छोट्या धंद्यांना गिऱ्हाईक शोधावं लागतच नव्हतं. ट्रकांच्या रांगा रस्त्यावर उभ्या असायच्या. चहाचं हॉटेल, टायर पंक्चर, ग्रीसिंग, स्पेअर पार्ट, उसळ-पाव, सगळं ट्रकांवर चालायचं. माझ्या मावसभावाचं त्याच पट्ट्यात छोटं गॅरेज होतं. दिवसाला जेवायला सवड नसे. गिऱ्हाइकाशी बोलणं म्हणजे ‘कितें जालें’ आणि ‘कितके जाले’, एवढंच. मग सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली, आणि महिन्याभरात रस्ता सुना झाला. ट्रक घराशेजारी ताडपत्रीखाली उभे. त्यावर गवत वाढलेलं मी पाहिलंय. अटींसह खाणी पुन्हा सुरू झाल्या, तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून पुन्हा सामसूम. नंतर पट्ट्यांचे लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या भागात काम सुरूही झालं. पण मधल्या काळात जी दुकानं मोडली ती मोडलीच.

मावसभावाचं टिकलं, आणि त्यात त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोचा हात जास्त. तिच्या लक्षात आलं की डिचोलीतून म्हापशाला, पणजीला नोकरीला जाणाऱ्या बायकांकडे स्कूटर आहेत, पण गॅरेजमध्ये जायला त्यांना वेळ नाही आणि थोडा संकोचही वाटतो. तिथे बाकं नाहीत, सगळे पुरुष, भिंतीवर नको ती कॅलेंडरं. तिने आधी ती कॅलेंडरं उतरवली! मग वही घातली. कुणाची गाडी, शेवटचं ऑइल कधी बदललं, ब्रेक कधी बघितले. तारीख जवळ आली की फोन. सकाळी मुलगा घरून गाडी घेऊन येतो, संध्याकाळी पोचवतो, आणि जुना काढलेला भाग कागदात गुंडाळून सोबत परत देतो, म्हणजे ‘बदलला की नाही’ ही शंकाच नको. २०१८ चा दणका बसला तेव्हा आजूबाजूची गॅरेजं पुन्हा हादरली. त्यांच्या वहीत मात्र पानं वाढत होती. काहीही मोठं भांडवल नव्हतं यात. एक दोनशे पानी वही आणि फोन.

एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याची हीच गोष्ट पेडण्याच्या किनाऱ्यावरही घडली. मोरजी, हरमल इथे रशियन पर्यटक येऊ लागले तेव्हा रशियन पाट्या लागल्या, मेनू कार्डं छापली गेली. विकणाऱ्या पोरांनी तोडकंमोडकं रशियन शिकून घेतलं. त्यांच्या हुशारीचं मला कौतुकच आहे. पण २०२० मध्ये कोविडने विमानं थांबली, २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं, आणि ज्यांच्या दुकानात गावचा माणूस कधी चढलाच नव्हता त्यांना तो त्या वर्षीही चढला नाही. तेवढ्याच काळात, टाळेबंदीच्या त्या पहिल्या आठवड्यांत, बाहेरची भाजी येईना तेव्हा घरामागे भेंडी-वांगी लावणाऱ्या बायकांकडे मात्र लोक पिशव्या घेऊन पोचले होते.

जत्रेतल्या खाज्याची गोष्ट आणखी वेगळी. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, गुळाच्या पाकात घोळवलेल्या, आल्याचा झणका असलेल्या. शिरगावच्या लईराईची जत्रा असो, डिचोलीचा नवा सोमवार असो की पेडण्याची पुनव, जत्रेहून परतताना हातात खाज्याची पुडी हवीच. शेजारीही ‘दर्शन झालं का’ विचारायच्या आधी ‘खाजं आणलंस?’ विचारतात. (मालवणकरांनो, रागावू नका. खाजं आपलंही आहे, मानांकन त्यांनी आधी घेतलं एवढंच.) खाजेकार दहा असतात, पण प्रत्येक घराचा एक ठरलेला असतो. माझ्या सासूबाई गर्दीतून वाट काढत बरोब्बर त्याच खाजेकाराकडे जायच्या, ज्याच्याकडून त्यांचे वडील घेत. त्यालाही माहीत असायचं की यांना आल्याचं जास्त लागतं. तो ‘आयलें मगो!’ म्हणायचा आणि न विचारता पुडी बांधायचा. आता त्याचा मुलगा बसतो. त्याने एक साधी गोष्ट केली. खाजं त्याच कागदी पुडीत ठेवलं, पण पुडीवर गावाचं नाव आणि फोन नंबर छापला. जत्रा वर्षातून एकदा. नंबरमुळे त्याला आता चतुर्थीलाही मागणी येते, आणि मुंबईला जाणारा माणूस गाडी थांबवून घरी येऊन घेऊन जातो. शेजारच्या एकाने प्लास्टिकच्या चकचकीत डब्यात, इंग्रजी नावाने, सोनेरी अक्षरांत खाजं भरलं. दिसतं छान. पण जत्रेतून डबा हातात घेऊन निघालं की जत्रेला गेल्यासारखं वाटत नाही, हे माझं मत. ते चुकीचंही असेल.

तर, पुन्हा मिरचीकडे.

काकींच्या सुनेशी त्या वर्षी बरंच बोलणं झालं. मी काही व्यापारातली नव्हे. पण गिऱ्हाईक म्हणून मला काय हवं असतं ते तरी सांगू शकत होते. मला मिरची तोलून घ्यायच्या आधी एक मोडून हुंगायला आवडतं. कोणी तशी मोडू दिली की विश्वास बसतो. मला ती कुठल्या वाडीत पिकली, कधी वाळवली हे कळलं तर आवडतं. आणि मला पाच किलो एकदम नको असते. आमच्यासारख्या चार-पाच माणसांच्या घरात थोड्या मिरचीतही वर्ष निघतं, पण बाजारात कमी मागितलं की तोंड वाकडं होतं. सून बारावी शिकलेली, चटकन समजणारी. ती म्हणाली, ‘वयनी, सासूबाई टोपली सोडणार नाहीत.’ मी म्हटलं, सोडू नका. टोपली हवीच. टोपलीशिवाय हुंगणार काय?

पुढल्या एप्रिलमध्ये गेले तर टोपली तिथेच होती, फक्त तिच्यात एक काठी रोवून पुठ्ठा लावला होता. वाडीचं नाव, ‘आमच्या मळ्यातली, उन्हात वाळवलेली’, आणि खाली फोन. बाजूला पाव किलोची कागदी पाकिटं. त्यांच्यावर वजन, किंमत, भरल्याची तारीख, पत्ता. पाकीटबंद माल विकायचा तर हे छापावंच लागतं, आणि खाद्यपदार्थ म्हणून नोंदणीही लागते. तिने ती करून घेतली होती. सगळ्यात मजा म्हणजे शेजारी मुद्दाम थोडी ब्याडगीही ठेवली होती, वेगळ्या टोपलीत, वेगळ्या पुठ्ठ्यासह, ‘ब्याडगी, बाहेरची’. मला ती शक्कल फार आवडली. दोन्ही समोरासमोर आल्यावर रंगातला आणि वासातला फरक सांगावा लागत नव्हता. ज्याला स्वस्त हवी त्याला स्वस्त मिळत होती, आणि ‘हीही हरमलचीच’ असं खोटं कुणालाच सांगावं लागत नव्हतं. दोन्ही घेणाऱ्या बायकाही मी पाहिल्या. रंगाला ही, चवीला ती.

काकी मात्र पुठ्ठ्यावर नाराज. ‘इतक्या वर्सांनी माझें नांव पुठ्ठ्यार वाचून कळपाचें?’ म्हणाल्या. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. जी जुनी गिऱ्हाइकं होती ती त्यांच्या तोंडाकडे पाहून येत होती. पण ती म्हातारी होत चालली आहेत, त्यांच्या सुना मसाला विकत आणतात, आणि नव्या गिऱ्हाइकाला काकींचा चेहरा ओळखीचा नाही. चेहरा ओळखीचा होईपर्यंत पुठ्ठा लागतो.

फोन नंबरचा उपयोग अपेक्षेपेक्षा वेगळाच झाला. अनोळखी लोकांचे फोन थोडेच आले. पण जुन्याच बायका आता जानेवारीत फोन करून ‘माझ्यासाठी एक किलो ठेवा’ सांगू लागल्या. सुनेने वाळवणाचे फोटो मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली. नुसते फोटो, त्यावर ना फुलं ना सुविचार. कधी ‘आज मळभ आलं, आत घेतली’ एवढी एक ओळ. वाडीतल्या कुणाच्या तरी दुबईतल्या मुलीने ते फोटो पाहून आईकडून मिरची मागवली. शेत लावायच्या आधी किती मागणी आहे याचा अंदाज मिळणं ही छोट्या शेतकऱ्याला किती मोठी गोष्ट आहे हे मला तोवर कळलं नव्हतं. पूर्वी पीक काढायचं आणि मग बाजारात नशीब बघायचं, असं होतं.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. मागणी वाढली की माल पुरत नाही, आणि माल पुरला नाही की बाहेरची मिसळण्याचा मोह होतो. गेल्या वर्षी एका दुकानदाराने त्यांच्याकडून सगळी पाकिटं उचलायची तयारी दाखवली. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, तिथे उतरणाऱ्या पाहुण्यांना ‘गोव्याची भेट’ म्हणून विकायची होती. भाव चांगला देत होता. अट एकच, वर्षभर पुरवठा हवा. काकींचा मळा वर्षभर मिरची देत नाही. काजूगरांच्या बाबतीत असंच झालं होतं. पर्यटकांची मागणी एवढी वाढली की बाहेरचे, परदेशातले काजूगरही ‘गोव्याचे’ म्हणून दुकानांत बसले, आणि शेवटी गोव्याच्या काजूलाही २०२३ मध्ये मानांकनाची वाट धरावी लागली.

सुनेने दुकानदाराला सांगितलं की फेब्रुवारी ते मे जेवढी असेल तेवढी देऊ, नंतर पाटी लावा ‘संपली’. दुकानदाराला ते पटलं नाही. म्हणाला, रिकामा कप्पा बघून गिऱ्हाईक परत येत नाही. सौदा मोडला. घरात त्यावरून दोन दिवस बोलाचाली झाली म्हणे. मुलाचं म्हणणं, दारात आलेली लक्ष्मी परत पाठवली. त्याच्या म्हणण्यालाही वजन आहे. दोन खोल्यांचं भाडं अजून त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि मळ्याच्या एका कोपऱ्यावर चिऱ्यांचा ढीग येऊन पडलाय तो मी स्वतः पाहिला.

यंदा त्यांनी शेजारच्या दोन घरांना बी दिलं आहे. मिरची तिघांची, पाकीट एक, पण प्रत्येक पाकिटावर ज्याचा मळा त्याचं नाव. काकींनी बी देताना एक अट घातली होती. पहिल्या तोडणीतली चांगली फळं विकायची नाहीत, बियाला ठेवायची. अधिकृत वापरकर्त्याचे तीन अर्जही भरून ठेवले आहेत. एकावर अंगठा आहे, दोनांवर सह्या.